पंचगंगेचे रंग आणि सायटेशनचा हिशेब

कुरुंदवाड पंचगंगेच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर आहे. प्रयाग चिखलीपाशी नाव धारण करणारी ही नदी कोल्हापूर, इचलकरंजी करत खाली येते आणि नृसिंहवाडीपाशी कृष्णेला मिळते. वरच्या अंगाला नदीत जे काही सोडले जाते ते शेवटी कुरुंदवाडच्या पुढ्यात येणार, हे ओघानेच आले. शहरांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि त्यात कापड रंगवणाऱ्या प्रोसेसिंगचे पाणी. तेरवाडच्या बंधाऱ्यावर तुंबलेली जलपर्णी आणि मेलेल्या माशांचा खच ही शिरोळ तालुक्यात आता बातमीसुद्धा राहिलेली नाही, इतकी ती नेमाने येते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि त्यांच्या गिरणीचे नावच ‘व्यंकटेश रंगतंतू’ होते. रंग आणि तंतू दोन्ही गावाला फळले. रंगाचे उरलेले पाणी मात्र नदीच्या वाट्याला आले.

या पाण्याशी थेट नाते असलेला एक शोधनिबंध २०११ साली तैवानमधल्या एका रसायन अभियांत्रिकीच्या नियतकालिकात छापून आला. ‘जीवाणूंकडून ॲझो रंगांचे विरंजन आणि विघटन’ असा त्याचा विषय. लेखक चार: रिजुता सरताळे, गणेश सरताळे, तैवानचे जो-शू चांग आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे संजय गोविंदवार. या निबंधाचा आधार घेऊन पुढे ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांच्या निबंधांची संख्या हजाराच्या पुढे केव्हाच गेली. संशोधकांच्या भाषेत, या पेपरला हजारांवर सायटेशन आहेत. मलेशिया, चीन, ब्राझील, तुर्कस्तान, जिथे जिथे कापड रंगते आणि नदी नासते, तिथे तिथे हा निबंध कुणीतरी उघडलेला असतो.

हजार सायटेशन म्हणजे नेमके काय? चांगल्या कामाचे प्रमाणपत्र, असे साधारण धरून चालतात. तेवढ्यावर थांबले तर आकड्याचा अर्थ निम्माच हाती लागतो.

सायटेशन म्हणजे एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा घेतलेला आधार. निबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. त्या यादीत तुमचा निबंध आला की तुमच्या खात्यात एक जमा. कल्पना इतकी सोपी की ती मोजायची कशी हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणाला फारसा पडलाच नाही. अमेरिकेतल्या वकिलांना मात्र पडला होता. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालांनी घेतला आणि कोणत्या निकालांनी तो फिरवला, याची ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ ही सूची तिथे १८७३ पासून निघत होती. युजीन गारफील्ड या तरुणाने तीच रीत विज्ञानाला लावायचे ठरवले, १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तसा प्रस्ताव मांडला आणि १९६४ पासून त्याच्या फिलाडेल्फियातल्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाजारात आणला. हे सगळे शोध लागावा म्हणून होते. एखादा जुना निबंध हातात असेल तर त्याच्यावरून पुढे काय झाले हे सापडावे, एवढाच हेतू. माणसे मोजायला ते साधन नंतर वापरले गेले.

साधन तयार झाल्यावर पहिल्यांदा जे दिसले ते चक्रावून टाकणारे होते, आणि त्याचा रेणवीय जीवशास्त्राशी अगदी जवळचा संबंध आहे. जगात सर्वांत जास्त सायटेशन असलेला निबंध कोणता? डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा, असे कुणीही म्हणेल. वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा तो निबंध पहिल्या शंभरातसुद्धा नाही. ‘नेचर’ने २०१४ साली पहिल्या शंभर निबंधांची यादी काढली तेव्हा अव्वल होता ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध, ३ लाख ५ हजारांवर सायटेशनसह. त्यात कसला शोध? द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची एक पद्धत. अल्कलीयुक्त तांब्याचे द्रावण घालायचे, मग फोलिनचे अभिकर्मक घालायचे, निळा रंग येतो. रंग जितका गडद तितके प्रथिन जास्त. जीवरसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी केलेल्या कोल्हापूर-सांगलीच्या कोणत्याही मुलाला विचारा, त्याने परीक्षानळ्या ओळीने लावून आणि कलरिमीटरवर ६६० नॅनोमीटरचे रीडिंग घेऊन लाउरीचे प्रॅक्टिकल केलेले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावरही प्रथिनांच्याच पद्धती होत्या: लेमली यांची जेलवर प्रथिने वेगळी करायची पद्धत आणि ब्रॅडफर्ड यांचे मापन. चौथा सँगर यांचा डीएनएची अक्षरे वाचण्याच्या पद्धतीचा. लाउरींनी स्वतः नंतर कबूल केले होते की हा काही आपला थोर निबंध नव्हे, पण त्याला मिळालेला प्रतिसाद पाहून मनातून गुदगुल्या होतात.

कारण उघड आहे. सर्पिल रचना आज पाठ्यपुस्तकात आहे. ती इतकी सर्वमान्य झाली की तिचा संदर्भ द्यायची गरज कुणाला वाटत नाही. पद्धत मात्र प्रत्येक वेळी वापरावी लागते, आणि वापरली की सांगावी लागते. म्हणजे सायटेशन मोजते ते काम किती थोर आहे हे नव्हे. ते मोजते की पुढच्या लिहिणाऱ्यांना त्याची गरज किती वेळा पडली. या दोन गोष्टी पुष्कळदा एकत्र येतात, आणि पुष्कळदा येत नाहीत.

आता कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत परत येऊ. कापडाच्या रंगांपैकी साधारण ६० ते ७० टक्के रंग ॲझो वर्गातले असतात. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि रंग दिसतो तो मुख्यतः त्या जोडामुळे. जोड तुटला की रंग गेला. काही जीवाणूंकडे तो जोड तोडणारे विकर असते, ॲझोरिडक्टेज. ते कमी ऑक्सिजनमध्ये चांगले चालते, म्हणून हे प्रयोग करताना चंबू हलवत नाहीत, स्थिर ठेवतात. अशा कामाची रीत ठरलेली आहे. रंगाच्या गटाराकाठची चमचाभर माती आणायची, रंग मिसळलेल्या पोषक द्रवात टाकायची आणि वाट पाहायची. लालभडक चंबू पिवळट होऊ लागला की त्यात कुणीतरी कामाचे आहे. मग त्याला प्लेटवर एकटे वाढवायचे आणि तो कोण आहे ते शोधायचे. इथे रेणवीय जीवशास्त्र मदतीला येते. प्रत्येक जीवाणूत १६एस नावाचे एक जनुक असते, सुमारे दीड हजार अक्षरांचे. ते वाचून जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिले की कुळी कळते. ताडण्याचे काम ब्लास्ट नावाची संगणक प्रणाली करते. तिचा १९९० चा निबंधही त्या पहिल्या शंभरात बाराव्या क्रमांकावर होता. कोल्हापुरात एक जीवाणू ओळखला गेला आणि त्याचे प्रथिन मोजले गेले की अमेरिकेत लाउरींच्या खात्यात एक आणि ब्लास्टवाल्यांच्या खात्यात एक जमा होते, ते असे.

गोविंदवार यांच्या विभागाच्या २००८ च्या एका निबंधातल्या जीवाणूचे नाव ‘स्यूडोमोनास एसयूके-१’. एसयूके ही अक्षरे शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूरची. एखाद्या जीवाणूच्या अंगावर गावाचे नाव छापले जाण्याचा मान फार थोड्या गावांना मिळतो. त्याने ‘रेड बीएलआय’ नावाचा कापडाचा रंग घालवला. २००७ च्या दुसऱ्या निबंधात पुण्याच्या एनसीएलमधल्या जीवाणूसंग्रहातून आणलेल्या स्यूडोमोनासने बेन्झिडीनपासून बनणारा ‘डायरेक्ट ब्लू-६’ फोडला, आणि त्याच साली पाव फुगवणाऱ्या यीस्टने मिथाइल रेड. २००९ मध्ये त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी झेंडूच्या केसाळ मुळांनी ‘रिॲक्टिव्ह रेड १९८’ कसा पचवला ते छापले. केसाळ मुळे म्हणजे ॲग्रोबॅक्टेरियम जातीच्या जीवाणूने आपली जनुके झाडात घुसवल्यावर फुटणारी, प्रयोगशाळेत नुसतीच वाढत राहणारी मुळे. जनुकांच्या देवाणघेवाणीचा हा निसर्गातला जुना डाव माणसाने आपल्या कामी लावला आहे.

यात एक ग्यानबाची मेख आहे, आणि ती या विषयातल्या प्रत्येक गंभीर निबंधात दिसते. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नाही. ॲझो जोड तुटल्यावर जे तुकडे पडतात ते ॲरोमॅटिक अमाइन, आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा घातक. बेन्झिडीन तर कर्करोगकारक म्हणून कुप्रसिद्ध. म्हणून पाणी पारदर्शक झाल्यावरही काम संपत नाही. तुकडे नेमके कोणते ते यंत्रांवर ओळखावे लागतात आणि मग ते पाणी ज्वारी, गहू किंवा मुगाच्या बियांना घालून त्या उगवतात का, मूळ किती लांब जाते, हे मोजावे लागते. कुरुंदवाडच्या शेतकऱ्याला पटेल अशी ही चाचणी आहे.

आता प्रश्न असा की या सगळ्या मूळ प्रयोगांना मिळाले त्यापेक्षा कितीतरी जास्त सायटेशन २०११ च्या त्या निबंधाला का मिळाले? कारण तो समीक्षालेख आहे. त्यात नवा जीवाणू नाही. जगभरच्या प्रयोगांचा लेखाजोखा एकत्र केला आहे: कोणते जीवाणू, कोणती विकरे, कोणत्या तापमानाला, कोणत्या क्षारतेला. नवीन निबंध लिहायला बसलेला विद्यार्थी पहिल्याच परिच्छेदात ‘ॲझो रंग प्रदूषणकारी आहेत आणि जीवाणू ते मोडू शकतात’ असे वाक्य लिहितो आणि त्याला आधार म्हणून असा समीक्षालेख देतो. तीस मूळ निबंध शोधण्यापेक्षा एक देणे सोपे. समीक्षालेख लिहिणे हलके काम नाही. उलट आपल्या क्षेत्राचा पसारा डोक्यात असल्याशिवाय तो चांगला उतरत नाही. पण ज्यांनी मातीतून जीवाणू काढला त्यांच्या वाटणीचे सायटेशन समीक्षकाच्या खात्यात जातात, हा व्यवहार मात्र लक्षात ठेवायला हवा.

संशोधकाचे संपूर्ण काम एका आकड्यात बसवण्याची हौस २००५ मध्ये पुरी झाली. कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स सुचवला. नियम असा: ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत त्याचा एच २०. समजा एकीने आयुष्यात पाचच निबंध लिहिले आणि प्रत्येकाला १०० सायटेशन मिळाले. एकूण ५००, पण एच ५. दुसऱ्याने बारा लिहिले, प्रत्येकाला १२. एकूण १४४, आणि एच १२. पदोन्नतीच्या मुलाखतीत दुसरा पुढे जाईल. हा आकडा सातत्याला मान देतो आणि एकाच मोठ्या कामाला देत नाही. शिवाय तो कधी कमी होत नाही, त्यामुळे वय वाढले की तोही वाढतो. ज्या विषयात माणसे जास्त आणि संदर्भयाद्या लांब, तिथे तो आपोआप मोठा होतो. रेणवीय जीवशास्त्रज्ञाचा एच आणि गणितज्ञाचा एच शेजारी शेजारी ठेवण्यात काही हशील नाही. स्वतः हिर्श यांनी २०२० मध्ये लिहिले की या मापाचे दुष्परिणाम गंभीर होऊ शकतात. तोवर ते माप जगभरच्या बायोडेटांत जाऊन बसले होते.

आकडाही एकच नसतो. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांची टिपणे, कुठल्यातरी संकेतस्थळावर चढवलेली पीडीएफ असे सगळे मोजते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूची निवडक नियतकालिकेच मोजतात. त्यामुळे एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात, आणि बायोडेटात कोणता लिहिला जातो ते सांगायला नको.

जीवशास्त्रातल्या निबंधावर नावांचा क्रम हा एक स्वतंत्र विषय आहे. लग्नपत्रिकेत कुणाचे नाव कुठे छापायचे यावरून घरात जसे रुसवेफुगवे होतात, तसेच इथेही. पहिले नाव ज्याने प्रत्यक्ष प्रयोग केले त्याचे, म्हणजे बहुधा पीएचडीच्या विद्यार्थ्याचे. शेवटचे नाव गाइडचे. मधली नावे मदत करणाऱ्यांची. गोविंदवार यांचे नाव वर सांगितलेल्या बहुतेक निबंधांत शेवटी आहे, ते या रीतीने. म्हणून गाइडचे खाते वाचताना ते एका माणसाचे खाते नसते. वर्षानुवर्षे रात्री चंबू बघायला येणाऱ्या, इनक्युबेटर बंद पडला तर कासावीस होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांचे ते खाते असते. हे गाइडच्या कर्तृत्वाला कमीपणा आणणारे नाही. प्रयोगशाळा उभी करणे, टिकवणे, मुलांना लिहिते करणे ही त्याचीच कमाई. फक्त ‘अमक्यांचे इतके शोध’ असे वाक्य छापताना जरा हात आखडावा.

आणि नावे तरी वेगळी कुठे असतात? २००८ च्या त्या ‘एसयूके-१’च्या निबंधावर दुसरे नाव आहे पी. एस. पाटील. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातलेही एक पी. एस. पाटील, प्रमोद पाटील. धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर फवारून तयार करण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा १९९९ चा एकट्याच्या नावाचा समीक्षालेख जगभर वाचला जातो. एकच विद्यापीठ, तीच आद्याक्षरे, तेच आडनाव, आणि विषय एक रंग घालवण्याचा, दुसरा काचेवर थर चढवण्याचा. संगणकाने कुणाचे सायटेशन कुणाच्या खात्यात टाकले तर त्याला दोष देता येणार नाही. २००८ सालच्याच, रंग घालवण्यावरच्या दुसऱ्या एका निबंधाच्या चार लेखकांत दोन जाधव आहेत. जगाचे संदर्भकोश ज्या पद्धतीने बांधले गेले तिथे आद्याक्षर आणि आडनाव एवढ्यावर माणूस ओळखू येतो, असे गृहीत होते. कोल्हापूर जिल्ह्यात पाटील आणि जाधव किती, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. २०१२ पासून ऑर्किड नावाची सोळा अंकी ओळखसंख्या सुरू झाली आणि हा गोंधळ नव्या निबंधांपुरता तरी कमी होऊ लागला.

स्त्रियांच्या बाबतीत गोंधळ वेगळा. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचे उदाहरण घ्या. केंब्रिजला १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली तेव्हा त्या भागवत होत्या. वनस्पतींच्या पेशीतल्या सायटोक्रोमवरचे त्यांचे काम रॉबिन हिल यांच्यासोबत १९५१ मध्ये ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये छापले गेले तेही भागवत या नावाने, तोवर त्या मुंबईत प्राध्यापक आणि सोहोनी झालेल्या होत्या. भारतीय डाळी-कडधान्यांमधल्या ट्रिप्सिनविरोधी द्रव्यांवरचे निबंध सोहोनी या नावाने. एकाच बाईचे काम सूचीत दोन बायकांच्या नावावर. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या किती मराठी संशोधिकांचा एच-इंडेक्स असा दुभंगला असेल याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

उशिरा ओळख पटण्याचे सर्वांत बोलके भारतीय उदाहरण कोलकात्याचे शंभूनाथ डे. कॉलराचा जंतू आतड्यात विष सोडतो हे त्यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मधल्या छोट्या निबंधात दाखवले. सुरुवातीला जगाने त्याकडे फारसे पाहिले नाही. डे १९८५ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी खुद्द गारफील्ड यांनी कॉलराच्या संशोधनाचा सायटेशन-नकाशा काढून डे यांचे स्थान दाखवून दिले. यंत्राचा असाही उपयोग होतो.

आपल्याकडे मात्र त्याचा उपयोग मुख्यतः नोकरीत होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी संशोधनाचे गुण मोजायला सुरुवात केली. २०१८ च्या नियमांत विज्ञान शाखेच्या एका निबंधाला ८ गुण. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर वाढेल तसे गुण वाढतात, १० च्या पुढे गेला की ३०. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३० टक्के. इम्पॅक्ट फॅक्टर ही गोष्ट नियतकालिकाची असते, निबंधाची नव्हे. त्या नियतकालिकातल्या मागच्या दोन वर्षांच्या निबंधांना सरासरी किती सायटेशन आले, एवढेच तो सांगतो. चांगल्या शाळेत गेलेला प्रत्येक मुलगा बोर्डात येत नाही, हे कळायला आयोग लागत नाही, पण गुण द्यायला मात्र आयोगाने तोच आकडा घेतला.

गुण लागले की दुकाने उघडतात. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या, अशा नियतकालिकांचे पीक आले. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची झडती प्रसिद्ध केली: विद्यापीठांनी सुचवलेली, कुठल्याच मोठ्या सूचीत नसलेली १,००९ नियतकालिके तपासली, त्यातली ८८ टक्के संशयास्पद. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आधाराने ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही गुंडाळून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

याच काळात कॉलेजांच्या दारात नवे फ्लेक्स झळकू लागले: ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या सरांची निवड.’ अभिनंदन जरूर करावे, पण निवड कुणी केलेली नसते. स्टॅनफर्डचे जॉन इओअनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या नोंदींवरून दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करतात. पहिला २०१९ मध्ये आला. तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. एक यादी आयुष्यभराच्या कामाची असते आणि दुसरी फक्त एका वर्षाच्या सायटेशनची, आणि फ्लेक्सवर कोणती ते लिहिलेले नसते. तक्ता मात्र प्रामाणिक आहे. स्वतःच स्वतःला दिलेले सायटेशन वगळले तर क्रमांक किती घसरतो, तो रकानाही त्यात आहे. एकट्याने लिहिलेले, पहिल्या नावाचे, शेवटच्या नावाचे निबंध वेगळे मोजून सहा निकषांचा मेळ घातलेला आहे. ज्याला आपल्या सरांचे काम खरेच समजून घ्यायचे आहे त्याने फ्लेक्सचा फोटो काढण्यापेक्षा ते रकाने बघावेत.

मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो गोविंदवार यांच्या गटाचाच दुसरा एक निबंध, २०१८ चा, ‘केमोस्फिअर’मधला. त्यात प्रयोगशाळेबाहेर पडून कापड उद्योगाचे सांडपाणी वाहणाऱ्या चरांच्या वरंब्यांवर झेंडू, ॲस्टर, ऑफिस टाइम आणि गलांडा लावला आहे. आपल्या अंगणातली आणि बाजारात किलोवर विकली जाणारी फुले. मुळांशी असलेले जीवाणू आणि झाडाची विकरे मिळून पाण्यातला रंग कमी करतात, आणि मातीचे काय होते, झाडाची वाढ कशी होते, हेही मोजले आहे. २०११ च्या समीक्षालेखाशी तुलना केली तर याला मिळालेले सायटेशन फारच थोडे. कारण वाचकांचा वर्ग लहान: पद्धत कुणाला रोज लागत नाही, आणि पहिल्या परिच्छेदातल्या सर्वसाधारण वाक्याला आधार म्हणून कुणी असा निबंध देत नाही. तेरवाडच्या बंधाऱ्याच्या दृष्टीने मात्र या दोन निबंधांचा क्रम उलटा लावावा लागेल.

हा दोष कोल्हापूरच्या संशोधकांचा नाही आणि एकट्या मोजणाऱ्यांचाही नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या बैठकीत पेशी आणि रेणवीय जीवशास्त्रातलीच मंडळी एकत्र आली आणि त्यांनी जाहीरनामा काढला: नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला जोखू नका, निबंध वाचा. ‘डोरा’ म्हणून तो ओळखला जातो. आकड्यांचा सर्वाधिक फायदा ज्या शाखेला होतो तिथूनच ही ओरड झाली, हे विशेष. त्यानंतर काही अनुदान संस्थांनी अर्जात निबंधांची लांबलचक यादी मागणे सोडून दिले. चार-पाच कामे निवडा आणि त्यातून कुणाचे काय बदलले ते स्वतःच्या शब्दांत लिहा, असे त्या म्हणतात.

तसा अर्ज या गटातल्या कुणी भरायचा ठरवला तर फुलांच्या चराबद्दल त्याला बरेच प्रश्न सोडवावे लागतील. पावसाळ्यात पाणी वाढले की चर टिकतो का? एवढ्या पाण्याला जागा किती लागेल, आणि इचलकरंजीत जमिनीचे भाव पाहता ती देणार कोण? रंग पचवलेली झाडे उपटल्यावर टाकायची कुठे? ती फुले बाजारात जाता कामा नयेत, याची हमी कोण घेणार? यांची उत्तरे एखाद्या दिवशी मिळाली तर ती महापालिकेच्या अभियंत्याच्या अहवालात, निविदेच्या अटींत, नाहीतर एखाद्या प्रोसेसिंग मालकाच्या वहीत लिहिली जातील. यातले काहीही स्कोपसमध्ये नोंदले जात नाही.